मिचकीचा दुसरा डबा

१

मिचकीचा डबा चोरीला गेल्याची बातमी हेलनबाईंना शनिवारी सकाळी पावणेनऊला समजली. ती सांगायला आलेला बजरंग गुंजाळ चपला न काढताच बैठकीच्या खोलीत येऊन उभा राहिला, त्यावरूनच प्रकरण साधं नाही हे त्यांनी ओळखलं. पंचवीस वर्षांपूर्वी हा बजरंग त्यांच्या भौतिकशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर बसायचा आणि जेमतेम पास व्हायचा. पण शाळेच्या प्रयोगशाळेतला बंद पडलेला निर्वात पंप त्यानेच एका दुपारी चालू करून दिला होता. तेव्हापासून बाईंचा त्याच्यावर जीव होता.

हेलन साळवे निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सावेडीत त्यांच्या कॉलनीतले पाण्याचे मीटर कोणी अदलाबदल केले आणि चर्चमधली पेटी कोणाच्या माळ्यावर गेली, हे त्यांनी शोधून काढलं होतं. त्यामुळे लोक पोलीस चौकीच्या आधी त्यांची बेल वाजवत.

मिचकी म्हणजे एक लांबलचक, साय रंगाची अमेरिकन गाडी. कोपरगावकडच्या खेड्यांत दवाखाना चालवणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरांची ती. तिचे हेडलाइट झाकणांमागे लपलेले असत आणि लावले की झाकणं पापण्यांसारखी वर जात, म्हणून पोरांनी तिचं नाव मिचकी ठेवलं. डॉक्टर मायदेशी परतताना ती ओळखीच्या औताडे कुटुंबाला देऊन गेले. पुढे तीस वर्षं ती उसाच्या मळ्यातल्या पत्र्याखाली पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. औताड्यांच्या कल्याणरावांनी ती बजरंगच्या गॅरेजमध्ये आणून टाकली, आणि बजरंगने दोन वर्षं खपून तिला पुन्हा रस्त्यावर उतरण्याजोगं केलं. रविवारी भंडारदऱ्याला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मिचकी तिथे सत्तर सालाआधीच्या गाड्यांमध्ये मिरवणार होती.

कारणही तसंच होतं. एकोणसत्तर साली कल्याणरावांच्या आई राजेश्वरीबाई डॉक्टरांनी वरातीला दिलेल्या याच गाडीतून नवरी होऊन सासरी आल्या होत्या. त्या वरातीचा फोटो मोठा करून काचेच्या चौकटीत बसवून घेतला होता. परीक्षकांपुढे तो गाडीच्या टपावर ठेवायचा, असं ठरलं होतं.

आणि आज सकाळी बजरंगने कुलूप उघडून गाडीवरचं कापड काढलं, तर पेट्रोलचा उग्र वास आला, मिचकीचे डोळे टक्क उघडे दिसले आणि बॉनेटखालचा एक काळा डबा गायब होता.

“कुलूप तुटलेलं नाही,” बजरंग म्हणाला. “किल्ली एकच, आणि ती माझ्या खिशात. कल्याणराव म्हणतात, डबा मीच विकला. संध्याकाळपर्यंत परत आला नाही तर गाडी उचलून नेणार, आणि मेळाव्यात सगळ्यांना माझं नाव सांगणार. बाई, जुन्या गाड्यांची माणसं शंभरभर असतील, सगळी एकमेकांना ओळखतात. माझ्याकडे पुन्हा कोणी गाडी आणणार नाही.”

हेलनबाईंनी त्याला आधी चपला काढायला लावल्या, मग चहा दिला आणि मग स्कूटरची किल्ली घेतली.

२

मनमाड रस्त्यावरचं बजरंगचं गॅरेज म्हणजे पुढे लोखंडी शटर, मागे छोटं ऑफिस आणि तिन्ही बाजूंनी पक्क्या भिंती. कुलूप जुनं पण दणकट होतं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

हेलनबाईंनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि हा डबा काय काम करतो ते समजावून सांग, असं बजरंगला सांगितलं. वर्गात कधी तोंड न उघडणारा बजरंग इथे भडाभडा बोलू लागला. गाडीत असे दोन डबे होते. पहिला नुसता पोकळ. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा साठा या डब्यात राहतो आणि त्या जोरावर हेडलाइटची झाकणं मिटलेली राहतात. इंजिन बंद झालं तरी तो साठा रात्रभर टिकतो. त्याची नळी उपटली, की ओढ संपते आणि स्प्रिंगमुळे झाकणं ताडकन वर येतात. दुसऱ्या डब्यात कोळसा भरलेला. टाकीतल्या पेट्रोलची वाफ नळीने त्यात येते, कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन सुरू झालं की तीच वाफ ओढून जाळून टाकतं. चोरीला गेला होता तो हा कोळशाचा डबा. पहिला जागच्या जागी होता.

“मग झाकणं का उघडली?” बाईंनी विचारलं.

बजरंग थबकला. पहिल्या डब्याची नळी जागेवर होती, पण नीट दाबून बसवलेली नव्हती. म्हणजे चोराने आधी चुकून तीच उपटली, झाकणं उडाली, मग ती परत कशीबशी लावून त्याने दुसऱ्या डब्याला हात घातला.

“दोन्ही डबे दिसायला सारखेच होते का?”

“आता सारखेच. आधी पोकळ डबा तांबूस होता आणि कोळशाचा काळा. पुस्तकात दोन्ही काळे दाखवलेत, म्हणून मी गेल्या महिन्यात दोन्ही काळे केले.”

बाईंनी मान हलवली आणि टाकीकडून येणाऱ्या, आता मोकळ्या पडलेल्या नळीला हात लावला. तिच्या तोंडात पिवळट काहीतरी ठासून बसवलं होतं. त्यांनी नखाने थोडं उकरून वास घेतला. कपडे धुण्याचा साबण होता. वाफ बाहेर पडून काही पेट घेऊ नये म्हणून चोराने नळीचं तोंड बंद करून ठेवलं होतं. वास थोडासा आलाच होता, पण काळजी घेतलेली दिसत होती.

बजरंगने सांगितलं, की असा बोळा घालून गाडी भंडारदऱ्याला नेता येणार नाही; टाकीला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि गाडी घाटात बंद पडेल. बाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. एवढ्या गाडीत चकचकीत घड्याळ होतं, हस्तिदंती रंगाचं स्टिअरिंग होतं, आणि चोराने नेला तो कोळशाचा डबा. तोही गॅरेज पेटू नये याची काळजी घेऊन.

तेवढ्यात समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बनुबाई कालचे राहिलेले ग्लास मागायला आल्या. बाईंनी त्यांना सहज विचारलं, की काल शेवटी गाडी कधी पाहिली.

“सांजच्याला सहा वाजता ग्लास न्यायला आलते की,” बनुबाई म्हणाल्या. “कापड घातलेलं हुतं. म्होरल्या अंगाला दोन टेंगळं आल्ती, शिंगं फुटल्यावानी. मी म्हनलं, ही गाडी हाय का म्हैस?”

बजरंगने कुलूप लावलं होतं सात वाजता.

३

म्हणजे कुलूप लागायच्या आधीच झाकणं उघडली होती. चोरी रात्री झालीच नव्हती. ती शुक्रवारी दुपारी, माणसांनी भरलेल्या गॅरेजमध्ये झाली होती.

काल तिथे कोण कोण होतं, हे बाईंनी बजरंगकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. तीन वाजता नारळ फोडला, इंजिन सुरू केलं, मिचकीने डोळे उघडून मिटून दाखवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारला इंजिन बंद केलं. मग बजरंग कल्याणरावांना आणि राजेश्वरीबाईंना मागच्या ऑफिसात घेऊन गेला, दुरुस्तीचे फोटो दाखवायला. तिघं तासभर तिथेच होते. बाहेर उरले दोघं. एक नोहा पाटोळे, तो भिंगारला जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. दुसरे पीटर भिंगारदिवे, डॉक्टरांचे त्या वेळचे ड्रायव्हर. वरातीच्या दिवशी गाडी त्यांनीच हाकली होती, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

कल्याणरावांना हे कळल्यावर त्यांनी लगेच नोहाचं नाव घेतलं. ते आईबरोबर सावेडीतच पाहुण्यांकडे उतरले होते आणि बाई पोचल्या तेव्हा अंगणात येरझाऱ्या घालत होते. नोहाकडे अशीच त्र्याहत्तर सालची एक गाडी होती, तिला कोळशाचा डबा नव्हता आणि तो बजरंगकडे तीनदा मागून गेला होता. आता आणखी काय पुरावा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. राजेश्वरीबाई मात्र शांतपणे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. डब्याबिब्याचं एवढं काय, एवढंच त्या म्हणाल्या आणि बाईंच्या ओंजळीत मूठभर दाणे घातले.

नोहाकडे गेल्यावर त्याने काही लपवलं नाही. डबा हवा होता, मागितलाही होता. काल तो फोनवर बोलत रस्त्यापर्यंत गेला होता, मग बनुबाईंच्या बाकावर अर्धा तास बसला आणि तिथूनच घरी निघाला. पण त्याचा पुरावा म्हणून त्याने जे दाखवलं ते वेगळंच होतं. स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून त्याने आत बसवलेला एक स्टीलचा डबा दाखवला. घरातल्या चिवड्याचा डबा, त्यात माशांच्या टाकीला लागतो तो कोळसा, वर दोन नळ्या डाग देऊन बसवलेल्या. चार दिवसांपूर्वीच बसवला आणि झकास चालतोय, असं तो अभिमानाने म्हणाला. बायको अजून चिवड्याचा डबा शोधतेय, हेही त्याने हळू आवाजात सांगितलं.

बाईंनी त्याच्या टेबलाकडे पाहिलं. खोक्यांमध्ये मापामापाच्या रबरी टोप्या लावून ठेवल्या होत्या. हा माणूस नळी बंद करायला साबण वापरणार नाही. आणि दोन डब्यांत गफलत तर मुळीच करणार नाही.

निघताना त्यांनी एक शेवटचा प्रश्न विचारला. काल गाडीवर कापड कोणी घातलं?

“पीटरकाकांनी,” नोहा म्हणाला. “मी रस्त्यावरून पाहिलं. धूळ बसेल म्हणत होते.”

४

स्कूटर परत गॅरेजकडे वळवताना हेलनबाईंना बरं वाटत नव्हतं. पीटरकाकांना त्या लहानपणापासून ओळखत होत्या. चर्चमध्ये ते तिसऱ्या ओळीत बसायचे आणि गाणं नेहमी अर्धा सूर वर लावायचे. शहात्तर वर्षांचा हा माणूस दुसऱ्याच्या गाडीतून डबा का काढून नेईल? विकायला नाही, वापरायला नाही. त्यांच्याकडे तर साधी सायकलसुद्धा नव्हती.

मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण प्रश्न उलटा धरलाय. डबा कोणाला हवा होता, हे आपण सकाळपासून विचारतोय. तो गाडीत कोणाला नको होता, हे विचारायला पाहिजे.

बजरंगकडे गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक होतं, तेल लागून पिवळं पडलेलं. कंपनीने पाच वर्षं गाडीचा सांगाडा तोच ठेवला होता आणि आतले भाग थोडे थोडे बदलले होते, म्हणून अडुसष्ट ते बहात्तरपर्यंतच्या गाड्यांना एकच पुस्तक. बाईंनी त्याला कोळशाच्या डब्याचं पान काढायला सांगितलं आणि चित्राखालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. इंग्रजी वाचताना बजरंग अजूनही वर्गात उभा राहिल्यासारखा अडखळायचा.

तो वाचता वाचता थांबला. त्याने पुन्हा एकदा तीच ओळ वाचली आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

“बाई, हा डबा एकाहत्तरच्या गाडीपासून पुढे बसवलाय. त्याआधी नव्हताच. तिकडे वाफेचा कायदा झाला, त्यानंतर आला.”

गाडीच्या कागदांवर वर्ष होतं अडुसष्ट. दारावरची कंपनीची पाटी गंजून गळून गेली होती. बजरंगने भाग जुळवताना वर्षाचा विचारच केला नव्हता. जे निघालं ते साफ केलं आणि परत बसवलं.

टेबलावर फोटोची चौकट होती. एकोणसत्तर सालची वरात, साय रंगाची गाडी, मागच्या खिडकीत अठरा वर्षांची राजेश्वरी आणि चाकामागे केस चापून बसवलेला विशीचा पीटर. नंबर तोच, रंग तोच. पण एकोणसत्तर साली फोटो काढलेली गाडी एकाहत्तरनंतर बनलेली असू शकत नव्हती.

बजरंगला वाटलं, कल्याणरावांनीच बक्षिसासाठी हे घडवून आणलं असेल. बाईंनी मान हलवली. कल्याणराव तासभर त्याच्याच समोर बसून पेढे खात होते. आणि ज्याने डबा काढला, त्याला तो कधीकाळी काळा होता आणि दुसरा तांबूस होता, हे ठाऊक होतं. रंगावर विसंबला म्हणून तर तो फसला. शिवाय पेट्रोलची गळती साबणाने बंद करायची ही सवय रस्त्यावर आयुष्य काढलेल्या जुन्या ड्रायव्हरांची.

५

पीटरकाकांचं घर बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. दार त्यांच्या बायकोने, फिलोमिनाकाकूंनी उघडलं. त्या एकेकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. हेलनबाईंना पाहून त्यांचा चेहरा उतरला आणि चहा टाकते म्हणून त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा बराच आवाज येत राहिला.

बाईंनी आडून काही विचारलं नाही. बजरंगवर आळ आलाय, त्याचं गॅरेज बुडेल, एवढंच सांगितलं. पीटरकाका उठले, कपाटाच्या वरून एक कापडी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. आत डबा होता, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला.

“पोरावर नाव येईल हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई,” ते म्हणाले. “मला वाटलं, एक डबा कमी दिसला तर कोण बघतंय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौऱ्याहत्तर साली तळेगावच्या पुढे पहिली गाडी ओढ्याच्या कठड्यावर आदळून मोडली, पार मोडली. डॉक्टर रागावले नाहीत. मुंबईला एक गोरा साहेब मायदेशी परत चालला होता, त्याच्याकडे तशीच नवी गाडी होती. ती घेतली, साय रंग दिला, जुना नंबर लावला. तेव्हा तसं खपून जायचं. वर्कशॉपमधला मिस्त्री हसून म्हणाला होता, की बाकी सगळं तेच आहे, हिला फक्त एक काळा डबा जास्त आहे. ते वाक्य पीटरकाकांच्या डोक्यात पन्नास वर्षं बसलं होतं. डॉक्टरांनी पुढे गाडी औताड्यांना दिली ती वरातीची गाडी म्हणून, आणि कोणी काही बोललं नाही.

“औताड्यांच्या माईंना कसं सांगू? त्या काल गाडीवरनं हात फिरवत हुत्या. उद्या चार माणसांत तो परीक्षक म्हणेल, ही तुमची गाडीच न्हाई.”

हेलनबाईंनी थोडा विचार केला. डबा गुपचूप जागेवर बसवता आला असता, पण मग परीक्षकाने तो पाहिलाच असता. डबा लपवला, तर बजरंग चोर ठरत होता. त्या म्हणाल्या, की माईंना कोणीतरी सांगायचंच असेल तर ते परक्या माणसाने सांगू नये.

चहा तसाच राहिला. पीटरकाकांनी पिशवी उचलली. फिलोमिनाकाकूंनी पायात चपला सरकवल्या आणि त्याही निघाल्या.

६

राजेश्वरीबाई शेंगांची टरफलं गोळा करत होत्या. पीटरकाका त्यांच्यासमोर उभे राहिले, पिशवी पुढे धरली आणि पाठ केल्यासारखं एका दमात सगळं बोलून गेले. कल्याणराव मध्येच काही म्हणणार होते. आईने हात वर केला, तसे ते गप्प बसले.

सगळं ऐकून झाल्यावर राजेश्वरीबाईंनी पदराला हात पुसले.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

पीटरकाकांनी पुढे धरलेली पिशवी खाली ठेवली.

“पीटरभाऊ, वरातीत माज्या अंगाची काच खाली व्हत न्हवती. वैशाखाचं ऊन, अंगावर शालू, घामानं निथळले मी. मग चौऱ्याहत्तरला कल्याणच्या वेळी दवाखान्यात न्यायला तुमीच आला. बसले तर काच लोन्यावानी खाली. मी ह्यांना म्हनलं, ही ती गाडी न्हाई. हे म्हनले, पीटरला कळू देऊ नको. लई जीव लावून पोरानं नंबर रंगवलाय.”

“मग आजपावतो बोलला न्हाई?”

“तुमी तरी कुटं बोललात?”

पीटरकाका ओसरीवर बसले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडतायत की हसतायत हे कोणाला कळेना, आणि मग ते हसतायत असं दिसल्यावर राजेश्वरीबाईही हसू लागल्या. कल्याणराव मात्र अवघडून उभे होते. शेवटी त्यांनी बजरंगला फोन लावला. फोनवर त्यांना माफी हा शब्द काही जमला नाही. पण पहाटे सहाला गाडी तयार ठेव, डबा घेऊन स्वतः येतोय आणि येताना तुझ्या आवडीचे पेढे आणतो, असं ते तीनदा म्हणाले. बजरंगने तेवढ्यावर भागवून घेतलं.

रविवारी मिचकी संगमनेर, अकोले, राजूर अशी डौलात निघाली. कल्याणराव चाकामागे, शेजारी पीटरकाका वळणावळणावर सूचना देत, मागे राजेश्वरीबाई, फिलोमिनाकाकू आणि हेलनबाई. हत्यारांची पेटी घेऊन बजरंग मागून टेम्पोत होता, पण पेटी उघडायची वेळ आली नाही. मेळाव्यात पोचल्यावर कल्याणरावांनी स्वतःच्या हाताने अर्जातलं अडुसष्ट खोडलं आणि परीक्षकांना विचारून एकाहत्तर-बहात्तर लिहिलं. सत्तरनंतरच्या गटात मिचकीचा दुसरा नंबर आला. पहिला नोहाच्या गाडीचा यायला हवा होता, पण परीक्षकांनी चिवड्याचा डबा ओळखला.

दुपारनंतर धरणाकडून वारा सुटला आणि मैदान हळूहळू रिकामं झालं. सगळे गाडीत बसून राहिलेले पेढे संपवत होते. तेव्हा राजेश्वरीबाईंनी विचारलं, की आता सगळं निघालंच आहे तर सांगा, पहिली गाडी आदळली कशी? तुमच्यासारखा हात असलेला माणूस सरळ रस्त्यावर कठड्यावर कसा गेला?

पीटरकाका खिडकीबाहेर पाहू लागले. मेंढरं आडवी आली असतील, काहीतरी झालं असेल, असं ते पुटपुटले.

“मेंढरं नव्हती,” मागच्या सीटवरून फिलोमिनाकाकू म्हणाल्या. “गाडी मी चालवत होते.”

काकूंनी मान खाली घालून सांगितलं, की तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. रस्ता मोकळा होता, त्यांनी हट्ट धरला आणि पीटरने चाक हातात दिलं. ब्रेक समजून भलतंच दाबलं गेलं. डॉक्टरांना पीटरने सांगितलं, की मीच ठोकली. त्यानंतर पन्नास वर्षांत काकूंनी कुठल्याच गाडीच्या चाकाला हात लावला नव्हता.

हेलनबाईंना ही गोष्ट सुचली नव्हती, आणि ती सुचली नाही याचं त्यांना मनापासून बरं वाटलं.

राजेश्वरीबाईंनी समोरच्या मैदानाकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिथे एक बकरीसुद्धा नव्हती. मग त्यांनी मुलाच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि खाली उतर म्हणून सांगितलं. कल्याणरावांनी एकदा आईकडे, एकदा दोन वर्षं खपून केलेल्या रंगाकडे पाहिलं आणि निमूटपणे दार उघडलं.

फिलोमिनाकाकू आधी नको नको म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा पदराने पुसला, हातातली पर्स पीटरकाकांच्या मांडीवर ठेवली आणि पुढे जाऊन चाकामागे बसल्या.